एकच कुलूप, दोन प्रश्न

ज्ञानमीमांसेचा, म्हणजे 'माहीत असणे' कशाला म्हणावे या तत्त्वज्ञानातील प्रश्नाचा, विषय निघाला की कुणी ना कुणी मला विचारतेच: "बाह्यवाद आणि संदर्भवाद हे शेवटी एकच ना? दोन्ही ज्ञानाचा निकाल माणसाच्या मनाबाहेर लावतात." तुम्हीही विचारलेत म्हणून सांगतो: एकच नाहीत, आणि ही गल्लत मीही बरीच वर्षे केली आहे.

घरातून निघून शंभरेक पावले गेल्यावर सोबतच्याने "कुलूप लावलेस ना?" असे विचारले, की मी बेधडक "हो, माहीत आहे मला" म्हणतो. किल्ली फिरवल्याची आठवण मात्र शोधूनही सापडत नाही. हाताने ते काम सवयीने उरकलेले असते. ही सवय भरवशाची आहे हे कशावरून, असे अंतर्वादी विचारील, कारण त्याच्या मते समर्थन, म्हणजे समजूत योग्य ठरवणारा आधार, मला आतून तपासता आला पाहिजे. तत्त्वज्ञ ॲल्विन गोल्डमन यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या विश्वसनीयतावादाला, म्हणजे बाह्यवादाच्या सर्वांत परिचित रूपाला, सवय प्रत्यक्षात भरवशाची असली की पुरे. ती तशी आहे हे मला ठाऊक असण्याची गरज नाही.

आता सोबतचा म्हणतो, "शेजारी कालच चोरी झाली. माहीत आहे, की नुसते वाटते?" आणि मी मुकाट्याने मागे वळतो. माझ्या हातात, स्मृतीत किंवा कुलपात काहीच बदललेले नाही. बदलला तो 'माहीत असणे' या शब्दाचा मापदंड. कीथ डीरोझ (१९९२) आणि डेव्हिड लुइस (१९९६) या तत्त्वज्ञांचा संदर्भवाद एवढेच म्हणतो, आणि तो मापदंड ठरवते बोलणाऱ्याची परिस्थिती. त्यामुळे एकाच क्षणी माझ्याविषयी एकजण "त्याला माहीत आहे" आणि दुसरा "त्याला माहीत नाही" म्हणाला, तरी दोघेही खरे बोलत असू शकतात. बाह्यवाद समजुतीबद्दल बोलतो, संदर्भवाद वाक्याबद्दल. दोन्ही एकत्र मानताही येतात.

तत्त्वज्ञ लॉरेन्स बॉन्जूर यांनी १९८० मध्ये कल्पिलेला नॉर्मन नावाचा माणूस मला अजून छळतो. त्याला अचूक अतींद्रिय दृष्टी आहे, पण ती असल्याचा वा नसल्याचा कसलाही पुरावा त्याच्याकडे नाही. राष्ट्राध्यक्ष न्यूयॉर्कमध्ये आहेत असे त्याला एकदम वाटते, आणि ते खरे असते. बाह्यवादाच्या हिशेबाने हे ज्ञान ठरायला हवे, पण मला ते ज्ञान म्हणवत नाही. इथे मापदंड कितीही खालीवर केला तरी नॉर्मनकडे नेमके काय कमी आहे ते संदर्भवाद सांगत नाही. म्हणून कुलपापुरता मी बाह्यवादी आहे, नॉर्मनसमोर मात्र अंतर्वाद्यांकडे झुकतो, आणि ही विसंगती मला अजून मिटवता आलेली नाही.