तुम्ही विचारलंत म्हणून: नंतर खेळलेलं कार्ड आधी का लागू होतं?

‘मॅजिक: द गॅदरिंग’ हा कार्डांचा खेळ शिकायला बसलेला जवळजवळ प्रत्येक जण मला हे विचारतोच: कार्ड आधी मी खेळलो, मग समोरच्याचं आधी कसं लागू झालं? प्रश्न रास्त आहे, आणि तो सुटला की अर्धा खेळ कळला असं मी मानतो.

समजा, तुमच्याकडे ग्रिझली बेअर्स आहे, 2/2 चं साधं अस्वल, म्हणजे 2 डॅमेज देणारं आणि 2 डॅमेजने मरणारं. समोरचा त्यावर लायटनिंग बोल्ट टाकतो, 3 डॅमेज. पण टाकला म्हणजे लागला असं नाही, तो फक्त स्टॅकवर, म्हणजे लागू व्हायची वाट पाहणाऱ्या कार्डांच्या चळतीवर गेला. आता बोलायची पाळी तुमचीही येते. तुम्ही +3/+3 देणारा जायंट ग्रोथ खेळता, तो बोल्टच्या वर बसतो. दोघांनी पास म्हटलं की सगळ्यात वरचं कार्ड आधी लागू होतं. अस्वल या टर्नपुरतं 5/5 होतं आणि मागून आलेला बोल्ट पचवतं.

आता हेच उलट करा. ग्रोथ तुम्ही घाईने आधी खेळलात आणि त्यावर समोरच्याने बोल्ट टाकला, तर अस्वल 2/2 असतानाच मरतं. ग्रोथला लक्ष्यच उरत नाही, कार्ड फुकट जातं. शिकवताना मी ही कार्डं खरोखरच एकावर एक ठेवायला लावतो, कारण नुसतं तोंडी सांगून हे डोक्यात बसत नाही. आणखी एक गोष्ट भल्याभल्यांच्या नजरेतून सुटते: स्टॅक एकदम रिकामा होत नाही. वरचं एक कार्ड लागू झालं की दोघांनाही पुन्हा संधी मिळते.

1993 साली रिचर्ड गारफिल्ड यांचा हा खेळ आला तेव्हा स्टॅक नव्हता. ‘इंटरप्ट’ नावाची वेगळी कार्डं होती, त्यांचे वेगळे नियम होते. 1999 च्या सिक्स्थ एडिशनने ते काढून स्टॅक आणला. नियमांतला इतका मोलाचा बदल मला दुसरा दिसत नाही.

मात्र टेबलावर ठाण मांडून बसलेल्या कार्डांचे परिणाम एकमेकांत अडकले, तर तिथे स्टॅक कामाचा नाही. तिथे लेअर असतात, म्हणजे कोणत्या प्रकारचा परिणाम आधी लागायचा याचे ठरलेले थर. एकाच लेअरमधले दोन परिणाम सहसा आले त्या क्रमाने लागतात, पण ब्लड मून आणि अर्बोर्ग ही दोन कार्डं समोरासमोर आली की हा क्रम मोडतो. लँड म्हणजे माना, कार्डं खेळायची ताकद, देणारी कार्डं; माउंटन (लाल माना), स्वॅम्प (काळा माना) अशा साध्या लँड बेसिक, बाकीच्या नॉनबेसिक. ब्लड मून म्हणतं, नॉनबेसिक लँड म्हणजे माउंटन. अर्बोर्ग म्हणतं, प्रत्येक लँड स्वॅम्पसुद्धा आहे. पण अर्बोर्ग स्वतःच नॉनबेसिक! ब्लड मून लागू झालं की अर्बोर्गची स्वतःची क्षमताच जाते. म्हणजे अर्बोर्गचं असणं-नसणं ब्लड मूनवर अवलंबून, आणि अवलंबून असलेल्याने थांबायचं असा नियम आहे. टेबलावर आधी कोण आलं याला इथे काही किंमत नाही. अर्बोर्ग नुसतं माउंटन होऊन राहतं, लाल माना देतं, काळा नाही. ब्लड मून नष्ट केलंत, तर मात्र त्याच क्षणी दोघांच्याही सगळ्या लँड स्वॅम्पसुद्धा होतात, त्याला कुणी रिस्पॉन्स देऊ शकत नाही.