तुम्ही विचारलंत म्हणून: व्हायलमध्ये पाणी किती घालायचं?

"व्हायलवर १ मिलिग्रॅम लिहिलंय, मला १ मिलिमोलर स्टॉक हवाय. किती पाणी घालू?" पेप्टाइडची, म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळीची, पावडर हातात आली की लॅबमध्ये नवीन आलेलं कोणीही पहिल्या आठवड्यात हे विचारतंच. (स्टॉक म्हणजे साठवून ठेवायचं मूळ द्रावण, १ मिलिमोलर म्हणजे लिटरमागे १ मिलिमोल.) त्यांना आकडा हवा असतो, आणि मी विचारते, "सोबतचा तपासणीचा कागद कुठाय?"

गणित म्हणाल तर शाळेतलं आहे. अँजिओटेन्सिन-२ हे पेप्टाइड घ्या. आठ अमिनो आम्लं, रेणूभार साधारण १०४६. १ मिलिग्रॅमला १०४६ ने भागलं की ०.९५६ मायक्रोमोल येतात, म्हणजे ९५६ मायक्रोलिटर पाणी घातलं की झालं १ मिलिमोलर. भागाकार अगदी बरोबर आहे. द्रावण मात्र चुकलं.

कारण ती पांढरी पावडर म्हणजे नुसतं पेप्टाइड नव्हे. शुद्धीकरणात सहसा ट्रायफ्लुरोॲसेटिक आम्ल वापरतात आणि ते पेप्टाइडच्या प्रत्येक धनभारित जागेला चिकटून बसतं. अँजिओटेन्सिनमध्ये अशा तीन जागा आहेत: सुरुवातीचं टोक, आर्जिनीन, हिस्टिडीन. त्या आम्लाचा रेणूभार प्रत्येकी ११४ धरला तर तीनांचे ३४२, आणि पेप्टाइडचे १०४६. म्हणजे पावडर अगदी कोरडी ठणठणीत असली तरी तिच्यात पेप्टाइड ७५ टक्केच. वर हवेतली ओल येते ती वेगळीच.

"पण मॅडम, शुद्धता ९८ टक्के लिहिलीय!" हो, पण ती एचपीएलसीची, म्हणजे घटक वेगळे करून मोजणाऱ्या चाचणीची. पेप्टाइडसारखं जे काही आहे त्यातलं ९८ टक्के तुमचं, एवढंच ती सांगते. चिकटलेलं आम्ल आणि पाणी त्या आलेखात दिसतच नाही. आपल्याला हवी असते निव्वळ पेप्टाइडची टक्केवारी. ती कागदावर वेगळ्या ओळीत असते, किंवा मागून घ्यावी लागते. समजा ती ७२ आहे. मग ०.९५६ चे उरले ०.६८८ मायक्रोमोल, आणि पाणी घालायचं ६८८ मायक्रोलिटर. ९५६ घातलंत तर नळीवर १ लिहाल आणि आत असेल ०.७२.

मी नेमकं हेच करून बसले होते. एकाच पेप्टाइडच्या दोन लॉटचे, म्हणजे वेगवेगळ्या खेपांचे, पेशींवरच्या प्रयोगातले आलेख एकमेकांशी जुळेनात, म्हणून महिनाभर पेशींना दोष देत राहिले. पेशी बिचाऱ्या ठीक होत्या. दोन्ही लॉटची निव्वळ टक्केवारी वेगळी होती आणि मी दोन्हींत सारखंच पाणी ओतलं होतं.

तेव्हापासून स्टॉक केला की २८० नॅनोमीटरचा प्रकाश किती शोषला जातो त्याचं रीडिंग घेतेच. अँजिओटेन्सिनमध्ये एक टायरोसीन आहे, त्याचा शोषण गुणांक १४९०. म्हणजे १ सेंटिमीटरच्या क्युव्हेटमध्ये (मोजणीच्या पारदर्शक कुपीत) १ मिलिमोलर द्रावण १.४९ दाखवायला हवं. १.०७ आलं, तर कुठे घोळ झाला ते कळलंच. टायरोसीन किंवा ट्रिप्टोफॅन नसलेल्या पेप्टाइडला ही सोय नाही. तिथे अमिनो आम्लांचं विश्लेषण करून घ्यावं.

पाणीच घालायचं का, हाही प्रश्न आहेच. धनभार जास्त असेल तर पाणी किंवा सौम्य ॲसेटिक आम्ल, ऋणभार जास्त असेल तर थोडासा अमोनिया, तेलकट स्वभावाचं असेल तर आधी थोडं डीएमएसओ हे सेंद्रिय द्रावक. सिस्टीन किंवा मेथिओनीन असेल तर डीएमएसओ टाळा, ऑक्सिडेशन होतं.

आणि फ्रीजरमधून काढल्या काढल्या व्हायल उघडू नका. खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर पावडर हवेतलं पाणी ओढून घेते. मग सेंट्रिफ्यूजमध्ये क्षणभर फिरवा. निम्मी पावडर झाकणालाच चिकटलेली असते.

अधूनमधून कोणीतरी हळूच विचारतं, हेच गणित इंजेक्शनला चालेल का? नाही. संशोधनाची पावडर माणसासाठी नसते, तो हिशोब मी करून देत नाही.

नळीवर लॉट, निव्वळ टक्केवारी, द्रावक आणि तारीख लिहा. नुसतं 'अँजिओ १' लिहिलेल्या नळ्या मी महिन्याच्या शेवटी फ्रीजरमधून काढून टाकते. त्यावरून भांडणं होतात, होऊ देत.