मुंबई ते न्यूयॉर्क, आईसोबत: अंतर एक, वेळा दोन

भावोजी पहाटे सहापासून न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळावर उभे होते आणि आम्ही बाहेर आलो दहाला. ताईने नेटवर अंतर पाहिलं होतं, सुमारे 12,500 किलोमीटर. ताशी 900 ने भागून तिने चौदा तास धरले. आम्हाला गेटपासून गेटपर्यंत सोळा तास वीस मिनिटं लागली, वर इमिग्रेशन आणि बॅगा.

तो 12,500 चा आकडा खरा आहे, पण तो पृथ्वीगोलावरचा सर्वांत जवळचा रस्ता. भाच्याच्या गोलावर मी लोकरीचा धागा ताणून पाहिला. मुंबईहून तो पाकिस्तान, अफगाणिस्तान, रशिया, नॉर्वे, आइसलँड असा जात ग्रीनलँडच्या दक्षिण टोकाजवळून खाली उतरतो. विमानाला तसं जाता येईलच असं नाही. पाकिस्तानने एप्रिल 2025 पासून भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं, रशियाने 2022 पासून अमेरिकन कंपन्यांना. त्यामुळे कंपनीगणिक वाट बदलते. आमचं विमान अरबी समुद्रावरून आखाताकडे वळलं, मग तुर्कस्तान, युरोप आणि अटलांटिक.

दुसरं कारण वारा. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. जाताना ते तोंडावर येतात, परतताना पाठीशी असतात. येताना समोरच्या स्क्रीनवर वेग हजाराच्या वर गेलेला पाहून आईने मला हलवून उठवलं. परतीचा प्रवास जवळपास दीड तासाने कमी झाला.

म्हणून सांगते, अंतराला वेगाने भागू नका. तिकिटावरचा फ्लाइट नंबर फ्लाइटरडार24 या विमानांचा माग दाखवणाऱ्या वेबसाइटवर टाका आणि गेल्या आठवडाभरात ते विमान खरोखर कधी उतरलं ते बघा. त्यात बाहेर पडायला दीड-दोन तास धरा आणि मगच घ्यायला येणाऱ्याला वेळ कळवा. न्यू जर्सीतल्या एडिसनकडे जायचं असेल तर नेवार्क विमानतळ जवळ पडतं; तिकिटात फार फरक नसेल तर तेच घ्या.

तारीख नीट वाचा. मंगळवारी रात्री दीडचं विमान म्हणजे सोमवारी रात्रीच विमानतळावर पोचायचं. घड्याळाचंही तसंच: ऑक्टोबरात न्यूयॉर्क आपल्यामागे साडेनऊ तास होतं, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारनंतर साडेदहा.

आई बहात्तरची, बीपी आणि शुगर दोन्ही. डॉक्टरांनी गोळ्यांच्या वेळा लिहून दिल्या होत्या. मनगटावरचं घड्याळ तिने उतरेपर्यंत भारताच्याच वेळेवर ठेवलं आणि गोळ्या त्याप्रमाणे घेतल्या. तुमच्या डॉक्टरांना निघण्याआधी हे जरूर विचारा, प्रवासाचे खरे तास सांगून. गोळ्या हातातल्या बॅगेत, चिठ्ठीसकट. व्हीलचेअर तिकीट काढतानाच सांगून ठेवा. सीट मधल्या वाटेच्या कडेची घ्या. दर दोन तासांनी मी तिला मागच्या पॅन्ट्रीपर्यंत चालवून आणत होते, तरी पाय थोडे सुजलेच. पुढच्या खेपेला डॉक्टरांना विचारून घट्ट मोजे घेणार.

दशम्या आणि कोरडी चटणी पर्समध्ये होती. दिवे मालवल्यावर, अकराव्या तासाला भूक लागते तेव्हा ट्रे येत नाही. उरलेलं मात्र विमानातच संपवा, नाहीतर कस्टमच्या वेळी खाण्याचं जवळ आहे असं स्पष्ट सांगा.