पाच मिनिटांचं काम आहे गं

दिवाळीत नानाकाकांनी चकलीच्या डब्याबरोबर एक सीडी हातात ठेवली. वर मार्करने लिहिलेलं "कुलवृत्तांत फायनल", त्याखाली वेगळ्या पेनाने "फायनल २". म्हणाले नवी आवृत्ती काढायचीये, यातला मजकूर तेवढा वर्डमध्ये घेऊन दे, पाच मिनिटांचं काम आहे गं. आता मी बँकेत, लोनच्या फायलींमध्ये माझा दिवस जातो, पण एकदा काकूच्या फोनवर मराठी कीबोर्ड सुरू करून दिला आणि तेव्हापासून मी घराण्याची कॉम्प्युटरवाली झाले ती झालेच.

पहिला प्रश्न, सीडी घालायची कुठे? माझ्या लॅपटॉपला तशी फटच नाही. बाहेरून लावायचा यूएसबी ड्राइव्ह ओळखीच्या फोटो स्टुडिओवाल्याकडून दोन दिवसांसाठी मागून आणला, आणि सगळ्यात आधी अख्खी सीडी दोन ठिकाणी उतरवून घेतली, एक पेनड्राइव्हवर आणि एक गुगल ड्राइव्हवर. मूळ फायलीवर काम करायचं नसतं, लोणच्याच्या बरणीत ओला चमचा घालत नाहीत तसंच हे. कितीही घाई असली तरी.

फायली निघाल्या पेजमेकरच्या, म्हणजे छपाईची पानं लावायच्या जुन्या प्रोग्रामच्या. एक काळ होता, लग्नपत्रिका, दिवाळी अंक, कार्यअहवाल, निवडणुकीची पत्रकं, सगळं पेजमेकरमध्ये व्हायचं. अडोबीने त्याचं ७.० व्हर्जन २००१ मध्ये काढलं आणि तेच शेवटचं. आमचा कुलवृत्तांत २००३ चा. ज्यांनी तो लावला होता त्या डीटीपीवाल्यांच्या गाळ्यात आता मोबाईलची कव्हरं मिळतात. तरी एक वाट सापडली, ती सांगून ठेवते कारण अशा फायली खूप घरांत पडून असणार: लिबरऑफिस. फुकट आहे, आणि २०१५ पासून पेजमेकरच्या फायली उघडतं. चौकटी जरा इकडेतिकडे जातात, पण उघडतं. मला तर उघडलेली बघूनच धन्य वाटलं, आणि मग मजकुराकडे नजर गेली. इंग्रजी अक्षरं, कंस, डॉलरची चिन्हं, मध्येच उद्गारचिन्ह, कीबोर्डवरून मांजर चालत गेल्यासारखं. आमचे मूळपुरुष, त्यांची तीन लग्नं, कोकणातून घाटावर येणं, सगळं त्या डॉलरांत कुठेतरी होतं.

नानांना वाटलं सीडीला बुरशी आली. तसं नव्हतं. तेव्हाचे मराठी फॉन्ट आतून इंग्रजीच असायचे. म्हणजे कॉम्प्युटरच्या लेखी तुम्ही इंग्रजी अक्षर टाइप केलंय, फॉन्ट फक्त त्याच्यावर 'क'चा मुखवटा चढवतो. फॉन्ट गेला की मुखवटा उतरला. आणि शिवाजी, कृतिदेव, श्रीलिपी, प्रत्येकाचे मुखवटे निराळे, एकाचा 'क' तो दुसऱ्याचा 'घ'. युनिकोड म्हणजे सगळ्या लिपींच्या अक्षरांना नंबर देणारी एकच सामाईक यादी, त्यात 'क'ला स्वतःचा नंबर असतो, फॉन्ट कुठलाही लावा तो 'क'च राहतो. गंमत म्हणजे युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, २००० च्या विंडोजमध्ये मंगल फॉन्टही आला होता, पण छापखान्यात कोण बदलतंय, सगळ्यांचे हात जुन्याला बसलेले. आणि खरं सांगायचं तर तेव्हा मंगल दिसायचाही जरा पंक्चर झाल्यासारखा.

मग कन्व्हर्टर, म्हणजे जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारा प्रोग्राम. ब्राउझरमध्ये चालणारे बरेच आहेत, पण आधी फॉन्टचं नाव बघायचं, मजकूर निवडला की वर चौकटीत दिसतं, फॉन्ट तुमच्याकडे नसला तरी दिसतं, आणि त्याच फॉन्टचा कन्व्हर्टर घ्यायचा. हे न बघता मी अर्धा रविवार घालवला. बरोबर कन्व्हर्टर मिळाला आणि नव्वद टक्के मजकूर एका झटक्यात माणसात आला, मी आनंदाने स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकला. चहा पिता पिता उरलेले दहा टक्के दिसायला लागले.

पहिली वेलांटी. टाइपरायटरवर ती अक्षराच्या आधी मारायची कारण कागदावर ती डावीकडे दिसते, जुन्या फॉन्टांनी तेच उचललं. युनिकोडमध्ये उच्चाराप्रमाणे, आधी अक्षर मग वेलांटी. म्हणजे कन्व्हर्टरला प्रत्येक वेलांटी उचलून पुढे नेऊन ठेवावी लागते, आणि पुढे जोडाक्षर असेल तर ते पूर्ण ओलांडून. ते जमलं नाही की वेलांटी मधल्याच स्टेशनवर उतरते आणि ठिपक्यांच्या एका गोल चक्रावर बसून राहते. आमच्याकडे अशा प्रवासात अडकलेल्या वेलांट्या दोनशेच्या वर निघाल्या.

त्यापेक्षा वाईट ऱ्या. हे दुखणं खास आपलं, कन्व्हर्टर बहुतेक हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलेले, त्यांना आपला तो आडवा, भुवईसारखा र ठाऊकच नाही, दिसला की रफार करून मोकळे. सह्याद्रीतल्या दऱ्यांचा झाला दर्या. गोऱ्हे, कऱ्हाड, तिसऱ्या, बिचाऱ्या, सगळ्यांच्या डोक्यावर रफार. ज्यांना स्वतः टाइप करायचंय त्यांच्यासाठी सांगते, इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डच्या मांडणीत शिफ्ट धरून जे दाबा, मग डी, मग तिरकी रेघ, झाला ऱ्य. नानांना इनस्क्रिप्ट शिकवायचा प्रयत्न मी केला होता, त्यांनी रेमिंग्टन टाइपरायटरवर सरकारी नोकरी काढलेली, त्यांची बोटं बंड करतात. विंडोजच्या भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी घातली की २०१९ पासून फोनेटिकही मिळतो, इंग्रजी उच्चाराप्रमाणे मारायचं आणि मराठी उमटतं, विंडोज आणि स्पेस एकत्र दाबून इंग्रजीत परत. तो त्यांना पटला, म्हणजे "चालेल" म्हणाले, त्यांच्या भाषेत ते फार मोठं कौतुक.

एवढं होईपर्यंत माझा भाचा आला आणि म्हणाला आत्या, छापील पुस्तक आहे ना घरात, मग हा एवढा खटाटोप कशाला? आणि खरंच की. पुस्तकाची पानं नीट उजेडात स्कॅन करायची, ड्राइव्हवर चढवायची, त्यावर राइट क्लिक करून गुगल डॉक्समध्ये उघड म्हणायचं, खाली टाइप केलेलं मराठी हजर. स्वच्छ छपाई असेल तर इतकं बरोबर येतं की मला माझ्या रविवारांची कीव आली. वंशावळीचे तक्ते मात्र त्याला झेपत नाहीत, आजोबा नातवाच्या खाली येतात. आणि वाळवीने खाल्लेली वीसेक पानं होती ती ओळखता येईनात. शेवटी मी निम्मं इकडून निम्मं तिकडून असं गोधडीसारखं जोडलं. राहिलेलं नानांनी फोनवर बोलून टाइप केलं, कीबोर्डवरचा माइक दाबून, फक्त ते बोलत असताना काकूने विचारलेलं "भाजीला काय आणू" हे चौथ्या पिढीत शिरलं होतं, ते काढलं.

मग शोधाशोध. नानांनी विचारलं घराण्यात ॲडव्होकेट किती, तर शोधल्यावर आले चार, आणि त्यांच्या हिशोबाने अकरा. कारण 'ॲ' हे एकसंध अक्षर युनिकोडमध्ये २००८ ला आलं, त्याआधी लोक अ काढून त्यावर चंद्र बसवायचे, दिसायला तेच, कॉम्प्युटरला निराळं. ऱ्याचंही तसंच, तोही दोन पद्धतींनी काढलेला असतो. म्हणून आधी शोधून बदलून सगळीकडे एकच रूप करून घ्यायचं आणि मगच मोजायला बसायचं. अकरा नाही, बारा निघाले. बाराव्याशी नानांचं पटत नाही.

प्रूफ पाठवलं तर पहिली तक्रार, हा 'ल' हिंदी आहे. मला फरक कळायला दोनदा चष्मा पुसावा लागला. पण त्यांचं बरोबर होतं, 'ल' आणि 'श' आपले वेगळे आहेत, २००९ च्या शासननिर्णयातल्या वर्णमालेतही ते मराठी वळणाचेच आहेत, बरेच फॉन्ट मात्र हिंदी वळण देतात. टिरो देवनागरी मराठी नावाचा फुकट फॉन्ट मिळाला, नावातच मराठी, तो लावला आणि नाना गप्प बसले. तीन दिवस.

चौथ्या दिवशी रात्री फोन. "पान एक्केचाळीस बघ. पणजोबांचं." पणजोबा बडोद्याला होते हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय, तिथे आचाऱ्यांच्या हाताखाली कांदे चिरण्यापासून सुरुवात केली, नंतर पंगतीच्या पंगती सांभाळायला लागले. माझ्या फायलीत कांदे कसे गळाले माहीत नाही, वाक्य उरलं होतं एवढंच, "बडोदे येथे आचार्यांच्या हाताखाली बारा वर्षे होते."

मी म्हटलं अहो नाना, सॉरी, ती चूक राहिली, आत्ता करते. पलीकडे जरा वेळ काहीच नाही. मग हळूच, काकूला ऐकू जाऊ नये अशा आवाजात, "चूक आहे ते मला दिसलं गं. वाचायला मात्र बरं वाटतंय."

मी पान एक्केचाळीस दुरुस्त केलं, कांद्यांसकट. परिशिष्टात तोच उल्लेख अजून एकदा आहे, पण तो काही सर्चमध्ये सापडत नाही, असं मी नानांना सांगितलंय. त्यांनीही पुन्हा विचारलेलं नाही.