समुद्राचे रीळ नागपुरात सांभाळताना

खाऱ्या पाण्यात वापरलेले मासेमारीचे रीळ मिठाने खराब होते, हे गळ टाकणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. परंतु ते नेमके केव्हा खराब होते, याचा विचार फारसा कोणी करत नाही. नागपुरात राहून वर्षातून काही वेळा मालवण, देवगड किंवा रत्नागिरीच्या किनाऱ्यावर जाणाऱ्या आमच्यासारख्यांसाठी हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे, कारण आमचे रीळ समुद्रावर जितके दिवस असते त्याच्या कितीतरी पट अधिक काळ ते घरातल्या कपाटात पडून असते. माझे मत असे झाले आहे की आम्हा विदर्भातल्या लोकांच्या रिळांचे बहुतेक नुकसान किनाऱ्यावर होत नाही, ते या कपाटातच होते, आणि त्यात आपल्या शहराच्या हवेचा मोठा वाटा असतो.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. पाणी उडून जाते आणि हे क्षार लाइन रोलरच्या (दोरी ज्यावरून आत येते त्या छोट्या चाकाच्या) फटीत, बेलच्या (दोरीला स्पूलकडे वळवणाऱ्या तारेच्या कड्याच्या) सांध्यात, स्पूलच्या (दोरी गुंडाळली जाते त्या फिरकीच्या) कडेखाली आणि दोरीच्या वेढ्यांमध्ये तसेच राहतात. आपले नेहमीचे मीठ हवेतली सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास गेली की हवेतून पाणी ओढून घेऊन स्वतःच विरघळू लागते. समुद्राच्या मिठात मिसळलेले मॅग्नेशियम क्लोराइड तर ३३ टक्क्यांच्या आसपासच ओलसर होते. नागपूरच्या एप्रिल-मे महिन्यांतल्या दुपारी हवा इतकी कोरडी असते की हे सगळे क्षार स्फटिकरूपात निपचित पडून राहतात, आणि त्यामुळे मार्चमध्ये कोकणातून आणलेले, नीट न धुतलेले रीळ मे महिन्यात हातात घेतले तर हँडल फिरवताना थोडीशी खरखर जाणवण्यापलीकडे काहीच वावगे दिसत नाही. जूनच्या उत्तरार्धात पाऊस येतो, घरातली हवा दमट होते, आणि त्या स्फटिकांचे पुन्हा खारे पाणी बनते. अॅल्युमिनियमचे अंग, पितळी पिनियन (लहान दंतचक्र) आणि स्टेनलेस पोलादाचे स्क्रू व बेअरिंग असे वेगवेगळे धातू एकमेकांना चिकटून असतात. त्यांच्यामध्ये खाऱ्या पाण्याचा थर आला की एक लहानशी विद्युतघटमाला सुरू होते आणि त्यात सर्वांत आधी अॅल्युमिनियमचा बळी जातो. सप्टेंबरमध्ये पिशवी उघडल्यावर जी पांढरी भुकटी दिसते, ती याच काळात तयार झालेली असते.

याहून घातक गोष्ट म्हणजे कूलर. उन्हाळ्यात आपल्या घरांत डेझर्ट कूलर ज्या खोलीत चालतो, त्या खोलीची हवा बाहेर रखरखीत ऊन असतानाही दमट असते, आणि रात्री कूलर बंद झाल्यावर ती पुन्हा कोरडी होऊ लागते. रोज ओले होणे आणि रोज वाळणे हे चक्र रिळातल्या क्षारांसाठी सततच्या दमटपणाइतकेच वाईट असते. म्हणून समुद्रावर वापरलेले रीळ कूलरच्या खोलीतल्या उघड्या फळीवर ठेवू नये, असे मी नागपुरातल्या प्रत्येक मित्राला आग्रहाने सांगतो. झाकणाचा घट्ट डबा आणि त्यात सिलिका जेलच्या पुड्या, एवढी सोय पुरेशी होते. मात्र रीळ पूर्ण वाळलेले असेल तरच ते डब्यात बंद करावे, नाहीतर आतला ओलावा आतच कोंडला जातो.

आता धुण्याविषयी. कोकणातून नागपूरला रेल्वेने पोहोचायला २४ तासांच्या आसपास लागतात, आणि त्यात बांधाबांध, स्टेशनवरची वाट पाहणे आणि घरी आल्यावरचा थकवा धरला तर रिळाला गोडे पाणी लागायला सहज दोन दिवस जातात. त्यामुळे धुणे हे किनाऱ्यावरच, त्याच दिवशी, मुक्कामाच्या ठिकाणी व्हायला हवे. ओले क्षार पाण्याने सहज निघतात. एकदा ते फटीत वाळून बसले की नुसत्या फवाऱ्याने निघत नाहीत. मे महिन्यात किनाऱ्याजवळच्या काही गावांत गोड्या पाण्याची टंचाई असते, हे लक्षात ठेवून घरवाल्या काकूंकडे बादलीभर पाणी मागण्यापेक्षा मी फवारणीची साधी प्लॅस्टिकची बाटली बरोबर नेतो. लिटरभर पाण्यात एक रीळ आणि काठीवरची दोरी ओवण्याची सगळी कडी व्यवस्थित धुऊन होतात.

धुण्याआधी ड्रॅगचा, म्हणजे मासा ओढू लागला की दोरी ताणाखाली सुटू देणाऱ्या ब्रेकचा, नॉब पूर्ण घट्ट करावा, म्हणजे पाणी ड्रॅगच्या चकत्यांपर्यंत जात नाही. मग रीळ सरळ धरून वरून पावसासारखे हलके पाणी सोडावे आणि हँडल सावकाश फिरवत राहावे. नळीला बोट लावून जोराचा झोत मारणे ही अत्यंत चुकीची पद्धत आहे, कारण तो झोत बाहेरचे मीठ धुण्याऐवजी ते फटींमधून आत ढकलतो. बादलीत रीळ बुडवून ठेवणेही तितकेच वाईट. उन्हात तापलेले रीळ गार पाण्यात बुडवले की आतली हवा आकुंचन पावते आणि ज्या सांध्यांतून एरवी थेंबही आत जाणार नाही तिथून पाणी ओढले जाते. गरम पाणीही वापरू नये. ते आतले ग्रीस पातळ करते आणि मीठ काढण्यासाठी त्याची काहीच गरज नसते, कारण मीठ साध्या पाण्यातही भरपूर विरघळते. धुऊन झाल्यावर रीळ हलकेच झटकावे, मऊ कापडाने पुसावे, ड्रॅग पूर्ण सैल करावा, स्पूल काढून वेगळा ठेवावा आणि सगळे सावलीत वाळू द्यावे.

नागपूरला परतल्यावर मी स्पूल एकदा पुन्हा धुतो, कारण वेणीच्या दोरीच्या विणीत खारे पाणी खोलवर मुरलेले असते आणि ते एका फवाऱ्यात निघत नाही. दोरी भरलेला स्पूल, ड्रॅगच्या चकत्या काढून, कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवावा आणि पाणी एकदा बदलावे. येथे बोअरवेलचे पाणी टाळावे, असे मी सुचवेन. कूलरच्या जाळीवर आणि खसावर जो पांढरा कडक थर आपण दर उन्हाळ्यात खरवडतो, तोच थर या पाण्याने दोरीवर आणि रोलरवर बसतो. पिण्याचे आरओ यंत्रातले पाणी वापरले तर हा त्रास होत नाही.

वंगणाच्या बाबतीत थोडक्यात सांगायचे, तर वेगाने फिरणाऱ्या लहान भागांना तेल आणि भार सोसणाऱ्या दातांना ग्रीस. लाइन रोलर, हँडलच्या मुठीचे बेअरिंग, बेलचे दोन्ही सांधे आणि मुख्य दांडा यांना प्रत्येकी एक थेंब पातळ तेल पुरते. या सर्वांत लाइन रोलर हा माझ्या मते रिळाचा सर्वाधिक दुर्लक्षित भाग आहे. समुद्राचे पाणी घेऊन येणारी दोरी प्रत्येक फेकीत त्याच्यावरूनच आत येते, त्यामुळे सर्वांत आधी तोच जाम होतो, आणि तो फिरेनासा झाला की दोरी एकाच जागी घासून पिळवटते व तुटते. बोटाने रोलर फिरवून पाहणे ही तपासणी दर फेरीनंतर करावी. डाइवाच्या काही रिळांत मात्र चुंबकीय तेलाची सील असते. तिथे साधे तेल घातल्यास ती सील बिघडते, म्हणून असे रीळ असेल तर त्याची माहितीपुस्तिका आधी वाचावी.

सगळीकडे मिळणारा डब्ल्यूडी-४० चा फवारा अनेकजण तेल म्हणून वापरतात. तो पाणी हटवण्यासाठी बनवलेला आहे. गंजलेला स्क्रू सोडवायला तो उपयोगी पडतो, पण रिळात मारला तर तो आतले ग्रीस पातळ करून धुऊन नेतो आणि स्वतः टिकत नाही. तसेच हँडल उलटे फिरू न देणाऱ्या एकमार्गी बेअरिंगमध्ये ग्रीस कधीही घालू नये. त्यातल्या लहान रोळांना दांड्यावर पकड मिळावी लागते. ग्रीसमुळे ते अडकतात आणि ऐन मासा लागल्यावर हँडल मागे फिरते. तेथे पातळ तेलाचा अगदी विरळ हात पुरेसा असतो.

वर्षातून एकदा रीळ पूर्ण उघडण्यासाठी मी जून-जुलैचे दिवस ठेवले आहेत. १ जून ते ३१ जुलै या काळात महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते, समुद्र खवळलेला असतो आणि खडकांवर उभे राहणे धोक्याचे असते. शिवाय दमट हवा सुरू होण्याच्या तोंडावर आतले मीठ निघून गेलेले असले की पुढचा पावसाळा निश्चिंतपणे जातो. टेबलावर पांढरे कापड अंथरावे, प्रत्येक भाग काढण्याआधी मोबाइलवर छायाचित्र घ्यावे आणि भाग काढलेल्या क्रमाने मांडावेत. जुने ग्रीस ब्रशने काढून धातूचे दाते व बेअरिंग आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवावेत. आत दिसणारे रंग बरेच काही सांगतात: पांढरी भुकटी म्हणजे अॅल्युमिनियम खाल्ले जात आहे, हिरवट थर म्हणजे पितळ, आणि तांबूस डाग म्हणजे पोलादी बेअरिंग किंवा स्प्रिंग. धुतलेले बेअरिंग बोटावर फिरवताना खरखरत असेल तर त्यावर वेळ घालवू नये, नवे बसवावे. कार्बनच्या ड्रॅग-चकत्यांना ड्रॅगसाठीच बनवलेले ग्रीस अगदी पातळ लावावे आणि रीळ ठेवून देताना ड्रॅग नेहमी सैल ठेवावा, म्हणजे चकत्या दबून राहत नाहीत.

दोरीची निवड हा विषय रिळाइतकाच महत्त्वाचा आहे आणि त्यातही आपल्या हवेचा विचार करावा लागतो. कोकणात तंगूस म्हणून ओळखली जाणारी एकतारी नायलॉनची दोरी स्वस्त असते, तिच्या गाठी सहज बसतात, आणि ती बरीच ताणली जात असल्यामुळे माशाचा अचानक बसणारा हिसका सोसते. पण नायलॉन पाणी शोषते आणि ओले झाल्यावर काही प्रमाणात दुबळे होते, उन्हातल्या अतिनील किरणांनी कमजोर होते, आणि आपल्या कोरड्या उन्हाळ्यात रिळावर गुंडाळलेले राहिले तर ताठ होऊन स्पूलचे वळण धरून बसते. म्हणून नागपुरात ठेवलेल्या रिळावरची नायलॉनची दोरी मी दरवर्षी, चांगली दिसत असली तरी, बदलतो.

वेणीची दोरी अतिशय मजबूत पॉलिइथिलीनच्या धाग्यांपासून विणलेली असते. ती पाण्यापेक्षा हलकी, फारशी न ताणली जाणारी आणि त्याच ताकदीच्या नायलॉनच्या जवळजवळ निम्म्या जाडीची असते. ९ किलोच्या आसपास तुटणारी नायलॉनची दोरी साधारण ०.४० मिलिमीटर जाड असते, तर पीई २ क्रमांकाची वेणी (पीई हा वेणीच्या जाडीचा क्रमांक) ०.२३५ मिलिमीटर असते. त्यामुळे ती लांब जाते, वाऱ्यात आणि प्रवाहात कमी ओढली जाते, आणि माशाने आमिषाला केलेला स्पर्शही हाताला कळतो. नागपूरच्या उष्णतेचा तिच्यावर परिणाम होत नाही. तिचा खरा शत्रू खडक आहे. कालवांनी आणि शंखशिंपल्यांनी भरलेल्या खडकावर ताणलेली वेणी एकदा जरी घासली तरी तुटते, आणि म्हणूनच तिच्या टोकाला जाड लीडर, म्हणजे घासणे सोसणारा दोरीचा आखूड तुकडा, जोडावा लागतो.

लीडरसाठी फ्लुओरोकार्बन की नायलॉन, यावर पुष्कळ वाद होतो. फ्लुओरोकार्बन पाण्यात अदृश्य होते, असे विक्रेते सांगतात. त्याचा अपवर्तनांक १.४२ आहे आणि पाण्याचा १.३३, म्हणजे ते नायलॉनपेक्षा कमी दिसते, पण अदृश्य नक्कीच होत नाही. त्याचे खरे गुण मला इतरत्र दिसतात: ते जवळजवळ पाणी शोषत नाही, घासणे सोसते, आणि पाण्यापेक्षा बरेच जड असल्याने बुडते. खाडीच्या तोंडाशी जिताडा किंवा तांबोशीसाठी मी फ्लुओरोकार्बनच निवडतो. सुरमईच्या दातांपुढे मात्र दोन्ही निरुपयोगी आहेत; तेथे आखूड पोलादी तारच लावावी. संपूर्ण रिळावर फ्लुओरोकार्बन भरण्याची शिफारस मी कोणालाही करणार नाही, कारण स्पिनिंग रिळावर त्याचा ताठपणा वेटोळ्यांच्या रूपाने सतत त्रास देतो.

गाठ आवळण्यापूर्वी ती पाण्याने किंवा थुंकीने ओली करावी, कारण कोरड्या घर्षणाची उष्णता नायलॉन आणि वेणी दोन्हींना दुबळे करते. वेणी आणि लीडर जोडायला एफजी गाठ उत्तम, पण ती बोटीवर किंवा वाऱ्यात बांधणे अवघड असते. ज्यांचा हात बसलेला नाही त्यांनी दुहेरी युनी गाठ शिकून घ्यावी. ड्रॅग अंदाजाने न लावता सामान तोलण्याच्या लहान काट्याने मोजावा आणि दोरीच्या तुटणभाराच्या एक तृतीयांशाहून अधिक ठेवू नये; म्हणजे ९ किलोच्या दोरीला ३ किलो पुष्कळ झाले.

कोकणच्या किनाऱ्यावरून गळ टाकण्यासाठी ४००० किंवा ५००० मापाच्या रिळावर पीई २ ते ३ ची वेणी माझ्या दृष्टीने सर्वांत योग्य आहे. वेणी गुळगुळीत स्पूलवर घसरते, म्हणून तळाशी आधी नायलॉनचे काही वेढे द्यावेत, आणि वेणी भरताना ती ओल्या कापडातून ताण देऊन घ्यावी. सैल भरलेल्या वेणीत मोठ्या माशाच्या ओढीने वरचे वेढे खालच्यांत रुततात. स्पूलच्या कडेपासून दोन मिलिमीटर जागा सोडावी. दोन-तीन हंगामांनी वरचा भाग झिजून रंग उडालेला आणि लवदार दिसू लागला तरी लगेच नवी वेणी विकत घेण्याची घाई करू नये, कारण तळाकडचा बराचसा भाग कधी पाण्यात गेलेलाच नसतो. सगळी दोरी एका रिकाम्या स्पूलवर काढून घेऊन, झिजलेला भाग तळाशी जाईल अशा रीतीने ती उलटी भरली की तीच वेणी आणखी काही हंगाम चालते.