सातवीच्या वर्गाचे दात

यवतमाळ जिल्ह्यातल्या त्या शाळेत आमची व्हॅन पोचली, तेव्हा मुख्याध्यापकांनी व्हरांड्यातल्या उजेडात प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या. एका मुलालाही पुढे करून ठेवलं होतं. "मॅडम, याच्यापासून सुरू करा. पार सडले दात याचे."

सर्वेक्षण सातवीचं होतं. दातांची कीड देशोदेशी 12 वर्षांच्या मुलांत मोजतात. या वयात अक्कलदाढा सोडून बहुतेक कायमचे दात आलेले असतात आणि मुलं शाळेत एका ठिकाणी सापडतात.

तो मुलगा तोंडावर हात धरूनच बसला. हात काढल्यावर दिसले तपकिरी, डागाळलेले दात. आरसा आणि प्रोब, म्हणजे दात चाचपायची सळई, घेऊन मी सांगत गेले, "वन-सेव्हन झिरो, वन-सिक्स झिरो..." आणि इंटर्न फॉर्मवर उतरवत गेली. आधी दाताचा क्रमांक, मग झिरो, म्हणजे कीड नाही. प्रोबचं टोक टोकदार नसतं, अर्ध्या मिलिमीटरचा गोळा असतो. अणकुचीदार टोकाने नुकतं खराब होऊ लागलेलं एनॅमल, म्हणजे दातावरचं कठीण आवरण, फुटू शकतं. शेवटच्या दातापर्यंत झिरोच आला. कीड नव्हतीच, बोअरच्या पाण्यातलं फ्लोराइड होतं. दात घडत असताना ते जास्त पोटात गेलं की एनॅमलवर असे डाग पडतात. अमेरिकेत ट्रेंडली डीन या दंतवैद्यांनी अशाच डागांचा माग काढताना फ्लोराइड असलेल्या पाण्याच्या गावांत कीड कमी असल्याचं दाखवून दिलं होतं. सरांना हे पटलेलं दिसलं नाही.

दुपारी एक मुलगी आली. पुढचे दात पांढरेशुभ्र. रांगेत कुणी तिच्याकडे वळूनही पाहिलं नसतं. आत मात्र खाली डावीकडची पहिली दाढ नव्हतीच, आदल्या वर्षी तालुक्याला काढलेली. उजवीकडच्या दाढेची फक्त मुळं उरलेली, शेजारी हिरडीवर पुवाची पुळी. वरच्या दोन्ही पहिल्या दाढा पोखरलेल्या, आणि नुकत्याच वर आलेल्या खालच्या दुसऱ्या दाढांच्या खाचांतही भोकं. "रातच्याला लय दुखते," ती म्हणाली. जेवते कशी, असं विचारलं तर म्हणाली, "पुढच्या दातानं."

किडलेले 5, काढलेला 1, भरलेले 0. एकूण 6. ही बेरीज म्हणजे डीएमएफटी. क्लाइन, पामर आणि नट्सन यांनी 1938 मध्ये अमेरिकेतल्या हेगर्सटाउनच्या शाळकरी मुलांवरच्या अभ्यासातून ती रूढ केली. सोपी आहे, म्हणून टिकली. पण तिला मुळांपर्यंत गेलेली दाढ आणि बारीक भोक पडलेली दाढ सारखीच, दोन्ही एकेक. पू, गळू मोजण्यासाठी 2010 मध्ये पुफा नावाचा वेगळा निर्देशांक आला. आमच्या फॉर्ममध्ये तो नव्हता. मी शेऱ्यात लिहिलं.

खिचडी खाता खाता इंटर्नने बेरीज केली. वर्गाची सरासरी दीडच्याही खाली. जागतिक आरोग्य संघटनेने सन 2000 साठी 3 ची मर्यादा सुचवली होती. सर खूश: "म्हणजे आपली शाळा पास!"

अर्ध्याहून जास्त मुलांपुढे शून्य होतं, म्हणून पास. कीड अशी वाटणी करून येत नाही. थोड्या तोंडांत ठाण मांडून बसते. स्वीडनच्या डग्लस ब्राथल यांनी यावर तोडगा सुचवला: मुलं आकड्याप्रमाणे ओळीने लावायची आणि सर्वांत जास्त किडलेल्या एक तृतीयांश मुलांचीच सरासरी काढायची. तशी काढल्यावर आमचा आकडा 3 च्या वर गेला. आणि 'भरलेले' हा रकाना अख्ख्या वर्गात कोरा. गावात दाताचा डॉक्टर नाही; दुखणं सोसायचं, नाही सोसवलं तर तालुक्याला जाऊन दाढ काढायची, एवढेच दोन मार्ग.

मी सरांच्या हातात सरासरीऐवजी त्या एक तृतीयांश मुलांची यादी दिली. हाताच्या अवजारांनी कीड खरवडून ग्लास आयोनोमर हे दातात भरायचं सिमेंट भरायला वीज लागत नाही, त्यामुळे ज्यांच्या घरून होकार मिळाला त्यांचं काम व्हरांड्यातच उरकलं. त्या मुलीची आई कपाशीच्या शेतातून थेट आली. चार दाढा भरल्या. मुळं काढायला मात्र आमच्या डेंटल कॉलेजलाच न्यायला हवं होतं. तिथे ती काढली तरी मुलीची बेरीज 6 च राहणार, फक्त किडलेले जाऊन भरलेले 4 आणि काढलेले 2 होणार.

"एसटीनं नेलं तर एका दिवसात होते का जी?" आईने विचारलं. मी चिठ्ठीवर बाह्यरुग्ण विभागाची वेळ लिहून दिली आणि सकाळच्या पहिल्या गाडीने या, म्हणून सांगितलं.