सस्पेन्स फुटला तरी चालतं

आपण 'सस्पेन्स' हा शब्द कसा वापरतो बघा. "ए, सस्पेन्स फोडू नकोस हां." "उगाच सस्पेन्स ठेवू नकोस, सांग पटकन." म्हणजे आपल्या लेखी सस्पेन्स ही लपवून ठेवायची वस्तू आहे, वाढदिवसाच्या गिफ्टसारखी, कागद फाडला की खेळ खल्लास. मीपण वर्षानुवर्षं हेच धरून चाललो होतो आणि त्यापायी दोन वर्षांपूर्वी कोजागिरीला सोसायटीच्या गच्चीवर माझा पार पोपट झाला.

झालं असं की दूध आटायला वेळ होता, मोठ्यांची अंताक्षरी सुरू होती आणि पोरं माझ्यामागे लागली, काका भुताची गोष्ट सांगा. मी म्हटलं चला, 'द मंकीज पॉ' म्हणजे माकडाच्या पंजाची गोष्ट सांगू. डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्सची, १९०२ सालची, कॉलेजात वाचलेली, तेव्हा रात्री पाणी प्यायला उठायची चोरी झाली होती. (पुढे मी दोन-चार जुन्या कथांचे शेवट सांगणार आहे. वाचल्या नसतील तर आधी वाचून या. किंवा नका येऊ, बिघडत काही नाही, का ते पुढे कळेलच.)

तर मी हुशारी केली. सगळं शेवटासाठी राखून ठेवलं. माकडाच्या पंजाची आधीची हकिकत सांगितली नाही, मुलगा कसा मेला ते नीट सांगितलं नाही, म्हातारा कशाला घाबरतोय तेही नाही. सरळ रात्रीवर आलो, आवाज खाली आणला आणि म्हटलं, "...आणि दारावर ठक ठक झालं. कोण असेल?"

एक जण म्हणाला, "पोस्टमन?"

दुसरा म्हणाला, "रात्री कुठला पोस्टमन, स्विगीवाला."

हशा. मोठ्यांच्या बाजूनेपण.

घरी आल्यावर ती गोष्ट काढून परत वाचली, यावेळी भुतासाठी नाही तर माझं कुठे चुकलं ते बघायला, आणि जरा लाजच वाटली. कारण जेकब्स जवळपास काहीच लपवत नाही हो. उलट सुरुवातीपासून सगळं हातात देत सुटलाय. व्हाइट नावाचं कुटुंब, आई, बाप, हर्बर्ट नावाचा मुलगा. बाहेर पाऊस, आत शेगडी पेटलेली, बापलेक बुद्धिबळ खेळतायत आणि बापाचा स्वभावच असा की राजाला कारण नसताना धोक्यात घालतो, आणि चूक झाली की "वारा बघ कसा सुटलाय" म्हणून पोराचं लक्ष उडवायला बघतो. हे सगळं पहिल्या काही ओळींत! अख्खी गोष्ट तिथेच सांगून झाली म्हणा ना. तेव्हा ते कळत नाही एवढंच.

मग तो सार्जंट मेजर मॉरिस येतो, हिंदुस्थानात एकवीस वर्षं काढून आलेला, आणि खिशातून पंजा काढतो. कुणा फकिराने त्यावर मंत्र घातलाय, तीन माणसांना प्रत्येकी तीन इच्छा, आणि फकिराला दाखवून द्यायचं होतं की नशिबात ढवळाढवळ करणाऱ्याच्या वाट्याला दुःखच येतं. (त्या काळच्या इंग्रज लेखकांना भीती लागली की हिंदुस्थानातून पार्सल मागवायची सोय होती, यावर कधीतरी वेगळं लिहीन.) पण खरी मेख पुढे आहे. तुझ्या तीन इच्छा झाल्या का असं विचारल्यावर मॉरिस हो म्हणतो आणि ग्लास त्याच्या दातांवर आपटतो. बस. काय मागितलं, काय झालं, एक अक्षर नाही. आणि त्याच्या आधीचा माणूस? त्याच्या पहिल्या दोन इच्छा काय होत्या माहीत नाही, तिसरी होती मरणाची.

आता सांगा, यात लपवलं काय? तीन इच्छा आहेत, त्या पुऱ्या होतात, आणि आधीच्या माणसाने तिसरी इच्छा खर्च करून मरण मागितलं. म्हणजे वाचकाच्या हातात हिशोबाची वही दिली की तीन आहेत, मोजत बस. पहिली इच्छा दोनशे पौंडांची, घराचं देणं फेडायला. दुसऱ्या दिवशी हर्बर्ट कामावर जाताना थट्टा करतो, मी यायच्या आत पैसे मोडू नका हं. इथे आपल्या पोटात खड्डा पडतो, आई मात्र हसते, म्हणते संध्याकाळी आला की अजून टिंगल करेल. मग कंपनीचा माणूस येतो. हर्बर्ट मशीनमध्ये सापडला. कंपनी जबाबदारी घेत नाही पण नुकसानभरपाई म्हणून काही रक्कम देऊ इच्छिते. किती? दोनशे पौंड.

हा आकडा आपल्याला आधीच माहीत असतो. बाप कोरड्या ओठांनी "किती" विचारतो तेव्हा आपणच मनात उत्तर देऊन मोकळे झालेलो असतो. मी गच्चीवर काय केलं? तर आकडाच सांगितला नाही, म्हटलं नंतर सांगू, धक्का देऊ.

आणि मग ती रात्र. पोरगा जाऊन दहा दिवस झालेत, दफनभूमी दोन मैलांवर. आईच्या अचानक डोक्यात येतं की अजून दोन इच्छा शिल्लक आहेत, त्याला परत माग. बाप काय सांगतो माहितीये? की मी त्याला फक्त कपड्यांवरून ओळखलं, तेव्हाच तो तुला दाखवण्यासारखा नव्हता, आता कसा असेल? हे वाक्य जेकब्सने दारावर थाप पडायच्या कितीतरी आधी टाकलंय. ते नसतं तर दारावर पोस्टमनच आला असता. बरोबर होती पोरं.

इच्छा मागितली जाते. आणि काहीच होत नाही. मेणबत्ती विझते, म्हातारा सुटलो म्हणून अंथरुणात शिरतो, घड्याळाची टिकटिक, जिना करकरतो. मग तो काडेपेटी घेऊन खाली मेणबत्ती आणायला जातो, जिन्याच्या तळाशी काडी विझते, दुसरी ओढायला थांबतो आणि नेमकी तेव्हा थाप पडते, इतकी हलकी की जेमतेम ऐकू यावी. तो धावत वर येऊन खोलीचं दार लावून घेतो. बायको विचारते कसला आवाज? तर म्हणतो, उंदीर. जिन्यात माझ्या बाजूने गेला.

उंदीर! ह्या एका खोट्यावर मी फिदा आहे.

तिला कळतं. हर्बर्टच आहे, दोन मैल लांब आहे हे मी विसरलेच, म्हणून तर उशीर लागला. असं म्हणत ती खाली धावते. आणि इथून पुढे जेकब्स आपल्याला वरच्या खोलीत ठेवतो, म्हाताऱ्याबरोबर, तो अंधारात गुडघ्यांवर बसून जमिनीवर पंजा चाचपडतोय. आपल्याला दार दिसतच नाही, नुसतं ऐकू येतं. साखळी निघाली. खालचा बोल्ट हळूहळू, अडकत अडकत सरकला. मग तिची हाक, अहो खाली या, वरच्या बोल्टला हात पोचत नाहीये. मग खुर्ची ओढत आणल्याचा आवाज. बाहेर थापांवर थापा. मग वरचा बोल्ट करकरतो, आणि त्याच क्षणी म्हाताऱ्याच्या हाताला पंजा लागतो.

एक साधी घरगुती अडचण बघा, बाई बुटकी आहे आणि बोल्ट उंच आहे. भूत-बित काही नाही. आपल्याकडे माळ्यावरचा डबा काढायला स्टूल आणतात तसलं ते. पण त्या स्टुलाएवढ्या वेळात जीव जातो, कारण दाराबाहेर काय आहे ते तिला माहीत नाही आणि आपल्याला माहीत आहे. म्हणजे माहीत आहे असं वाटतं, कारण जेकब्स ते शेवटपर्यंत दाखवत नाही. थापा थांबतात, दार उघडतं, थंड वारा जिन्यातून वर येतो आणि रस्ता रिकामा, समोर दिवा फडफडतोय. तिसरी इच्छा काय होती तेसुद्धा शब्दात सांगितलेलं नाही. लपवलं असेल तर एवढंच, आणि तेही आपण आधीच ओळखलेलं.

मजा म्हणजे जेकब्स मुळात विनोदी लेखक, खलाशी आणि गोदीतल्या लोकांच्या गमतीजमती लिहिणारा. मला हे आता पटतं. जोक सांगणाऱ्याला जी गोष्ट येते, की कुठे किती थांबायचं, तीच इथे लागते.

सस्पेन्स सिनेमांचा दिग्दर्शक हिचकॉक, त्याने हेच बॉम्बचं उदाहरण देऊन सांगितलंय, १९६२ साली फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोबरोबरच्या गप्पांमध्ये. दोघं जण टेबलाशी बसून फालतू गप्पा मारतायत, अचानक टेबलाखाली बॉम्ब फुटला, तर प्रेक्षकाला पंधरा सेकंदांचा धक्का. पण बॉम्ब आहे आणि किती वाजता फुटणार आहे हे प्रेक्षकाला आधी दाखवलं तर त्याच फालतू गप्पा पंधरा मिनिटं खुर्चीला खिळवून ठेवतात, ओरडावंसं वाटतं की अरे उठा. हे वाचलेलं होतं मी. वाचलेलं असणं आणि गच्चीवर आठवणं वेगळं.

मग मला नादच लागला, जुन्या कथा काढून बघायचा की कोण किती लवकर पत्ते उघडे करतं. एडगर अ‍ॅलन पो तर बेशरमच आहे. 'द कास्क ऑफ अमाँटिलाडो', १८४६. पहिल्याच वाक्यात निवेदक सांगून टाकतो की फॉर्च्युनाटोचा मी सूड घेणार. पुढची सगळी कथा म्हणजे तो त्याला दारूची चव बघायच्या निमित्ताने तळघरात घेऊन जातो, बस. फॉर्च्युनाटो कार्निव्हलचा विदूषकाचा ड्रेस घालून, टोपीला घुंगरं, झिंगलेला, खोकतोय, आणि म्हणतो खोकल्याने काय मी मरत नाही. निवेदक म्हणतो, खरंय, खरंय. आपण हसतो आणि हसल्याचं वाईट वाटतं. तळघरात किती आत गेले, अजून किती आत, आणि मग त्याला जिवंत चिणायची भिंत. दगडांचे थर मोजून दिलेत, आठवा, नववा, दहावा, आणि अकरावा शेवटचा. परत मोजणीच. तीन इच्छा काय आणि अकरा थर काय, वाचकाला किती उरलेत ते कळलं पाहिजे.

रोआल्ड डालच्या 'लॅम्ब टू द स्लॉटर'मध्ये (१९५३) तर खून सुरुवातीलाच होतो, बायको नवऱ्याच्या डोक्यात मेंढीची गोठलेली तंगडी घालते आणि तीच ओव्हनमध्ये भाजायला ठेवते. पोलीस हत्यार शोधून दमतात आणि तिच्या आग्रहाला बळी पडून ते हत्यारच जेवायला बसतात. खून कोणी केला हे रहस्य ठेवलं असतं तर ही अगदी साधी डिटेक्टिव्ह कथा झाली असती.

शर्ली जॅक्सनच्या 'द लॉटरी'बद्दल मात्र माझं मत अजून डळमळतं. १९४८ साली 'न्यूयॉर्कर'मध्ये आली तेव्हा तिला तीनशेच्या आसपास पत्रं आली, काहींनी तर विचारलं की ही लॉटरी कुठल्या गावात असते, बघायला जाता येईल का! ती शेवटच्या धक्क्यासाठीच प्रसिद्ध आहे (जिची चिठ्ठी निघते तिला गाव दगडांनी मारतं), म्हणजे माझ्या थिअरीच्या विरुद्ध. पण दुसऱ्यांदा वाचा. दुसऱ्याच परिच्छेदात मुलं खिशात दगड भरतायत, चौकाच्या कोपऱ्यात ढीग रचतायत. पहिल्या वेळी आपण म्हणतो, खेळतायत पोरं. दुसऱ्या वेळी तो ढीग नजरेसमोरून हलत नाही, बाया गप्पा मारतायत, टेसी हचिन्सन आज कुठला दिवस तेच विसरल्याने उशिरा येते, भांडी सिंकमध्ये तशीच टाकून कशी येऊ म्हणते, लोक हसतात, आणि आपण ढिगाकडे बघत बसतो. मला दुसऱ्या वेळी जास्त भीती वाटली.

स्टॉक्टनची 'द लेडी ऑर द टायगर' मात्र मला कधीच आवडली नाही. दोन दारं, एकामागे बाई, एकामागे वाघ, राजकन्येच्या प्रियकराला त्यातलं एक उघडायचंय, ती उजवीकडे खूण करते आणि लेखक म्हणतो आता तुम्हीच सांगा कोण निघालं. १८८२ सालापासून लोक डोकं खाजवतायत. खाजवोत. दार न उघडणं आणि दार उघडून रिकामा रस्ता दाखवणं यात फरक आहे.

असो. तर ह्या वर्षी कोजागिरीला मी तीच गोष्ट परत सांगायला बसलो. पोरं म्हणाली, काका माहितीये, शेवटी कोणीच नसतं. म्हटलं चालेल. यावेळी सगळं आधी सांगितलं, फकीर, ग्लासचा दातांवर आवाज, दोनशे पौंड, कपड्यांवरून ओळखलं ते. दोन वर्षांपूर्वी स्विगीवाला म्हणणारा पोरगा आता सातवीत आहे, तो पाठीमागे मोबाईल बघत बसला होता. खालचा बोल्ट सरकला तेव्हा त्याने मोबाईल पालथा ठेवला. मी गच्चीवरची प्लास्टिकची खुर्ची लादीवरून हळूच ओढली, नुसती इतकीशी, आणि तो ओरडला, "काका, तो पंजा सापडू दे ना पटकन!" शेवट पाठ असलेला मुलगा हा.

तेवढ्यात दूध उतू गेलं. कोणाचंच लक्ष नव्हतं, मोठ्यांचंही.

नंतर बारा-सव्वाबाराला त्याला घरी सोडायला मी लिफ्टने खाली गेलो. दारापाशी पोचल्यावर तो माझ्यामागे उभा राहिला आणि म्हणाला, "बेल तुम्ही वाजवा. आणि आधी आईला हाक मारा, म्हणजे तिला कळेल आपणच आहोत."